आधी लेन्स, मग आवाज

आमचे तुर्दुबेक तायके हाक मारायचे तेव्हा ओढ्यापलीकडच्या खोऱ्यातल्या मेंढ्यासुद्धा चरायच्या थांबून माना वर करायच्या. तायके म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. ही थाप नाही. पलीकडचा मेंढपाळ घोड्यावर बसून भांडायला यायचा.

"तुर्दुबेक, तोंड आवर जरा! माझी निम्मी मेंढरं ओढ्याकाठी येऊन उभी राहिलीत."

"त्यांनाच विचार ना," तायके म्हणायचे, "परत यायचंय का तुझ्याकडं म्हणून."

ती हाक लिहून दाखवायची सोय नाही. सुरुवात पोटातून व्हायची, मधे एक गिरकी, आणि सूर आता वर चढणार असं वाटत असतानाच तो एकदम खाली सोडून दिलेला, विहिरीत दोर सोडावा तसा. गावातल्या सगळ्या पोरांनी ती उचलायचा प्रयत्न केलाय, मीही केलाय. गिरकीपर्यंत सगळे पोचतात. पुढं घसरतात.

पण मी सांगते आहे ती त्यांच्या मुलीची गोष्ट. ऐनागुल एजेची. एजे म्हणजे ताई. आम्ही दोघी बिश्केकमध्ये, म्हणजे राजधानीत, एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो, शहराच्या कडेला, जिथं हिवाळ्यात धुतलेले कपडे कोळशाच्या धुरानं न धुतल्यासारखे होतात. मी कॉलेजात नर्सिंग शिकत होते आणि एजे चित्रपटाच्या संस्थेत माहितीपट. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःचा एक चित्रपट करून द्यायचा असतो. एजेनं पहिल्याच दिवशी विषय ठरवला होता: बापाचा एक उन्हाळा, वरच्या कुरणावर, आणि ती हाक.

विषय ठरला तो एका दिवसात. बाकी काही एका दिवसात ठरवणं एजेच्या रक्तात नव्हतं. ओश बाजारात कुरुत, म्हणजे वाळवलेलं दही, घ्यायला गेली तर प्रत्येक पोत्यातला एक एक खारट गोळा चघळून बघणार. शेवटी बायका ओरडायच्या, "ए पोरी, घेतेस का जेवतेस?" ती लाजायची आणि पुन्हा पहिल्या पोत्यापाशी जायची. बूट, ओढणी, चहाचा कप, सगळ्यात तेच. मग कॅमेऱ्याचं काय होणार ते तुम्हीच ठरवा.

पैसे तिच्याकडं दोन ठिकाणांहून आले होते. एक, ज्या खानावळीत ती संध्याकाळी लागमानचे, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचे, वाडगे उचलायची तिथून. आणि दुसरं म्हणजे तिची घोडी. आमच्यात मूल जन्मलं की बाप त्याच्या नावानं जनावर बांधतो. ते त्या मुलाचं, घरातलं कुणी त्याला हात लावत नाही. एजेच्या नावाची करडी घोडी होती. तिनं फोन करून सांगितलं, विका. तायके दोन दिवस बोलले नाहीत, आणि मग विकली.

पुढं कळलेलं आधीच सांगून टाकते, नाहीतर एजेच्या डोक्यात काय चाललं होतं ते समजेल पण बाकीच्यांच्या डोक्यात काय होतं ते कळणार नाही. त्या हिवाळ्यात तायकेंचा घसा बसला होता, तो सर्दीनं नव्हे. नारीनच्या डॉक्टरनं सालिमा जेनेंना, म्हणजे माझ्या मामींना, बाजूला घेऊन सांगितलं होतं: गाठ आहे, चांगल्या जातीची नाही, कापावी लागेल, आणि कापली की आवाज जाईल. लवकर कापू म्हणाला. तायकेंना नुसतं 'गाठ आहे' एवढंच कळवलं. ते म्हणाले, मेंढरं वर नेऊन आणतो, मग बघू. माझ्या आईला माहीत होतं. असनाली आकेंना, गावातल्या सगळ्यात मोठ्या म्हाताऱ्यांना, माहीत होतं. नानवाल्या बाईलाही माहीत होतं.

एजेला नव्हतं. आमच्यात परगावी असलेल्या माणसाच्या कानात फोनवरून वाईट बातमी घालत नाहीत. माणूस एकटा असतो, रस्त्यात असतो, हात धरायला कुणी नसतं. शिवाय पोरीच्या परीक्षा. आणि मलाही सांगितलं नव्हतं. आई नंतर म्हणाली, "तुला सांगायचं म्हणजे आपल्या आत-बाशीच्या चौकात भोंगाच लावायचा."

तर एजेला एवढंच ठाऊक होतं की बापाला सर्दी झालीय, आणि हातात एका चित्रपटापुरते पैसे आहेत.

शहरात एका बाजाराच्या वरच्या मजल्यावर जुन्या कॅमेऱ्यांचं एक काचेचं, खोक्याएवढं दुकान आहे. तिथं कुबात बायके बसतात. बायके म्हणजे दादा. पोट काउंटरवर ठेवलेलं, हातात मटणाचा साम्सा, आणि बोलणं असं की कॅमेरे विकतायत का घोडे, कळू नये.

"हा बघ, करिंदाश," ते एजेला म्हणाले. धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. "हा फक्त लग्नांत फिरलाय. मालक मॉस्कोला टॅक्सी चालवायला गेला. लग्नातला कॅमेरा म्हणजे शहरातली घोडी. चालली खूप, पण दगडांवरून नाही."

"याचा पडदा ढिला आहे, बायके."

"दात मोजू नकोस गं. पाय बघ, पाय."

आम्ही तिथं किती वेळा गेलो! एका कॅमेऱ्याला कानाला लावायच्या यंत्राचं भोक होतं, म्हणजे चित्र घेतानाच आवाज कसा येतोय ते ऐकता येतं; पण तो महाग. दुसऱ्याला भोक नव्हतं. तो हाताशी येणारा. जुन्या सोव्हिएत काळातली एक जड लेन्स होती, फिरवायला गेलं की दळायच्या जात्यासारखी वाजायची. एजे ती डोळ्याला लावून खोक्यातून खाली बाजारात बघत बसायची. बटाट्याची पोती, टोप्या, भांडणारे नवरा-बायको. कुबात बायके माझ्याकडं बघून म्हणायचे, "हिला कॅमेरा नको, खिडकी दे एक विकत."

शेवटी स्वस्तातला कॅमेरा घेतला. त्याच्यावरची लेन्स अंधारात आंधळी. युर्तच्या, आमच्या नमद्याच्या तंबूच्या, आत तर दुपारीही अंधारच, उजेड वरच्या भोकातून येतो तेवढाच. उरलेल्या पैशांत दोनपैकी एकच गोष्ट येणार होती. एक तर पन्नास मिलिमीटरची लेन्स, जिला चुलीच्या उजेडातसुद्धा माणसाच्या पापण्या दिसतात. नाहीतर छोटा रेकॉर्डर, कॉलरला लावायचा माईक आणि वाऱ्यासाठी त्याची केसाळ टोपी.

तिच्या बाई, एल्मिरा सुल्तानोव्हना, सिगारेटनं जळलेल्या आवाजात बोलतात आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच उत्तर देतात. एजेनं मला त्यांच्याकडं नेलं होतं, बहुतेक एकटीनं ऐकायचं धाडस नव्हतं म्हणून.

"आवाजावर पैसे घाल. हललेलं चित्र लोक माफ करतात, म्हणतात बिचारी घोड्यावर असेल. ऐकू न आलेला माणूस कुणी माफ करत नाही. समजलं? नाही समजलं."

"समजलं, एल्मिरा सुल्तानोव्हना."

"तुझा बाप काय करतो चित्रपटात? हाक मारतो. मग तुला काय पाहिजे? त्याच्या पापण्या पाहिजेत? नाही पाहिजेत."

"संस्थेचा रेकॉर्डर मिळाला असता तर..."

"उन्हाळ्यात कोठीला कुलूप. किल्लीवाला इसिक-कुलच्या तळ्यात पोहतो. मिळेल? नाही मिळणार."

बाहेर आल्यावर एजे म्हणाली, "ठरलं. माईक." आणि मी तिच्याकडं बघतच राहिले, कारण एवढ्या चटकन तिनं आयुष्यात काही ठरवलं नव्हतं. आम्ही तशाच कुबात बायकेंकडं गेलो. त्यांनी रेकॉर्डर काढला, माईक काढला, केसाळ टोपी काढली. टोपी मांजराच्या पिलासारखी होती, मी ती खांद्यावर ठेवली तर बायके म्हणाले, "खायला घालू नकोस, सवय लागेल." एजेनं पैसे काढले, आणि मग तिला वाटलं, आधी बापाला सांगावं. घोडी त्यांनी विकली होती ना.

तिनं फोन लावला आणि आम्हा दोघांना ऐकू यावा म्हणून मोठा केला.

"अताके, मी माईक घेतेय. तुमच्या कॉलरला लावायचा."

पलीकडं आधी नुसती खरखर. फोनची म्हणावी, तर फोनची नव्हती.

"कशाला?" तायके म्हणाले. सुरी दगडावर घासावी तसा आवाज.

"तुमची हाक भरायला."

"ही?" मग ते हसले, आणि हसताना खोकले. "ही हाक भरून नेणार तू? बालाम, ही ऐकून लोक म्हणतील, तुर्दुबेकच्या घशात कोल्हा अडकलाय."

"सर्दी उतरेल की जूनपर्यंत."

"उतरली तर उतरली. पण घाई कशाला? शरदात मेंढरं खाली आणताना भर ना. तेव्हा घसा मोकळा असेल. आत्ता डोंगर घे. घोडे घे. तुझ्या आईचं तोंड घे, अजून बरं दिसतंय."

मागून सालिमा जेनेंचा आवाज आला, "काय बरं दिसतंय?"

"ऐकलं का? हिच्या कानाला माईक लागत नाही."

एजे हसली. कुबात बायकेही साम्सा चावताना हसले. मग तायकेंचा सूर बदलला, हळू झाला. "ऐनागुल. लोकांना तो आवाज ऐकवायचा तर चांगला ऐकव. हा नको. मला लाज वाटेल."

एजे म्हणाली, "आपाकडं द्या," म्हणजे आईकडं.

फोन हातातून हातात गेला. "आपा, घसा कधी सुटेल त्यांचा?"

चुलीवर काहीतरी उतू जात असावं तसा चर्र आवाज आला.

"सुटेल गं. परीक्षा कशा चालल्यात?"

"बऱ्या."

"नीट जेवतेस ना?"

"हो."

"मग झालं."

फोन ठेवल्यावर एजे बराच वेळ काउंटरकडं बघत राहिली, एकीकडं लेन्स, एकीकडं मांजराचं पिलू. कुबात बायकेंनी हात पुसले.

"बाप म्हणाला ना? बापाचं ऐकून कुणाचं वाईट झालंय, करिंदाश? लेन्स ने. शरदात ये, हे पिलू तुझ्यासाठी ठेवतो."

तिनं लेन्स घेतली.

जूनमध्ये आम्ही दोघी वर गेलो. कुरणावरच्या उन्हाळ्याबद्दल मला फार सांगायचं नाही. तिथं थंडी होती, वारा होता आणि सगळ्या गोष्टींना धुराचा वास होता. पण त्या लेन्सबद्दल सांगते. एजेनं सालिमा जेनेंना घोडीच्या दुधाचा कुमिस घुसळताना घेतलं. वरच्या भोकातून उजेडाचा एक खांब खाली आलेला, त्यात त्यांचा हात आत-बाहेर, आत-बाहेर. संध्याकाळी कॅमेऱ्याच्या ढिल्या पडद्यावर बघितलं तर जेने स्वतःलाच म्हणाल्या, "ही कोण बाई? छान आहे." तायकेंचे हात घेतले, खोगिराचा पट्टा शिवतानाचे. त्या हातांवरच्या भेगा मोजता आल्या असत्या. आपल्या माणसाला आपण कधी इतकं जवळून बघत नाही, बघितलं तर तो म्हणतो, काय बघतेस?

आणि रोज संध्याकाळी ते कड्यावर उभे राहून हाक मारायचे.

आवाज सर्दी झालेल्यासारखाच होता. पण पोटातली सुरुवात तीच होती, गिरकी तीच, आणि शेवटचं ते सोडून देणंही तेच. फक्त सगळ्यावर वाळू पसरलेली. मेंढ्या यायच्या. जरा उशिरा यायच्या, पण यायच्या. एक म्हातारी शेळी तर सगळ्यांच्या पुढं पळत यायची आणि तायकेंच्या बुटाला नाक लावायची. एजे पन्नासच्या लेन्सनं ते सगळं घ्यायची. आकाश, पांढरी टोपी, उघडलेलं तोंड, मानेच्या शिरा.

युर्तमध्ये परत येऊन तिनं ते कॅमेऱ्याच्या छोट्या भोंग्यावर ऐकलं. फर्रर्र. फडफड. फर्रर्र. तोंड उघडतंय, मिटतंय, आणि कुणीतरी नमदा टराटरा फाडतंय. कानाला लावायचं भोक नव्हतं, त्यामुळे घेताना तिला काही कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेऱ्याच्या माईकवर लोकरीचा पुंजका चिकटवला. वारा थोडा दबला, हाकही दबली. तिसऱ्या दिवशी माझा फोन तायकेंच्या खिशात ठेवला. त्यात काय भरलं सांगू? खोगिराची करकर, कोटाची घासाघास, आणि खिशातले कुरुतचे गोळे एकमेकांवर आपटतायत त्याचं टक-टक. हाक कुठंतरी त्या गोळ्यांच्या मागं.

तायके ते ऐकून खूश झाले. "हे बरं आलंय," ते म्हणाले. "यात मी कमी आहे आणि कुरुत जास्त."

"जाऊ दे," एजे म्हणाली. "शरदात येते. तोवर माईक घेते. तेव्हा तुमचा घसाही सुटेल."

"ये," तायके म्हणाले.

सालिमा जेने उठून बाहेर गेल्या, वासरू बघायला. वासरू युर्तच्या दाराशीच बांधलेलं होतं.

जुलैभर एजेनं खानावळीत दुपारचीही पाळी धरली. ऑगस्टमध्ये तिनं कुबात बायकेंकडून रेकॉर्डर आणला, माईक आणला, टोपी आणली. खोलीतल्या फळीवर खोकं ठेवलं, न फोडता. म्हणाली, वर गेल्यावरच फोडू, इथं धूळ बसेल.

तेव्हा तायके बिश्केकमध्ये होते; मेंढरं खाली येईपर्यंत गाठ थांबली नव्हती. आमच्या खोलीपासून बसनं थोड्याच अंतरावर, दवाखान्यात, आणि एजे लागमान वाढत होती. रोज सालिमा जेने दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून तिला फोनवर सांगायच्या, वर गवत चांगलं आलंय. माझी आई शहरात येऊन एका लांबच्या भावाकडं उतरली होती आणि मला सांगितलं होतं की ती गावात आहे, रताळ्यासारखी सुजलीय गुडघ्यातून. मी विश्वास ठेवला. गुडघ्याचं ती नेहमीच सांगते.

मग एका रविवारी दुपारी आमच्या दारावर थाप पडली. एजेनं उघडलं. दारात असनाली आके उभे होते, टोपी नीट बसवलेली. मागं दोन म्हातारे. त्यांच्यामागं माझी आई, आणि तिचा गुडघा अगदी ठणठणीत.

आमच्यात एवढी माणसं एकदम, न सांगता, चहा न मागता आली की पोरासोरांनाही कळतं. एजेचा चेहरा तेव्हाच बदलला. आईनं तिला खोलीच्या मधोमध बसवलं आणि एका बाजूनं दंड धरला. दुसऱ्या बाजूचा धरायला मला खुणावलं. मी धरला. असनाली आकेंनी दाढीवरून हात फिरवला आणि सुरू केलं.

"बालाम, डोंगरालाही उतार असतो. नदीलाही काठ असतो. पोलाद झिजतं, चिनार पडतो. ज्यानं दिलं तोच..."

"अताकेऽऽऽ!" एजेनं किंकाळी फोडली. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकू नये. ती माझ्या हातातून सुटून जमिनीवर गेली.

"नाही गं, नाही!" आई ओरडली. "जिवंत आहे! जिवंत आहे तो!"

"मला पुरतं बोलू तर द्या," असनाली आके म्हणाले.

"आके, तुम्ही मेल्याचं काढलंत!"

"मग दुसरं कोणतं येतं मला?" म्हातारा चिडला होता, पण त्याचे डोळे भरले होते. "बापानं शिकवलं ते मेल्याचं. आवाज गेल्याचं कुणी शिकवलंय का आम्हाला?"

एजे जमिनीवर बसून होती, केस तोंडावर. आधी ती हसली. खरंच हसली, दोन्ही हातांनी तोंड दाबून, जिवंत आहेत, जिवंत आहेत म्हणत. आईनं तिला सगळं सांगितलं, गाठीचं, डॉक्टरनं हिवाळ्यात सांगितल्याचं, आता कापल्याचं. एजे मान हलवत राहिली. मग मान हलायची थांबली.

"म्हणजे आपाला माहीत होतं?" ती म्हणाली. "मी फोन केला तेव्हा?"

"तुझ्या परीक्षा होत्या, बालाम."

"मी विचारलं होतं घसा कधी सुटेल."

एका म्हाताऱ्यानं खाकरून चहा मागितला. मी उठून केटली ठेवली. एजेला रडायला येत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. बाप जिवंत असताना बापाच्या आवाजासाठी रडायचं कसं, हे आमच्याकडं कुणी करून दाखवलेलं नाही.

दवाखान्यात तायके पांढऱ्या उशीवर टेकून बसले होते. मानेला पट्टी, पट्टीतून नळी, नळीतून शिट्टीसारखा श्वास. एजेला बघून त्यांनी बोट वर केलं आणि हवेत चौकोन काढला. आम्हाला कळेना. पुन्हा काढला, एक डोळा मिटला. कॅमेरा आणलास का, विचारत होते.

नंतरचं लवकर सांगते. शरदात एजे वर गेली खरी. तायके कड्यावर उभे राहून बादली वाजवायचे. मेंढ्या बादलीला यायला शिकल्या, आधी म्हातारी शेळी, मग बाकीच्या. पण त्यांना दुसऱ्याचं कुणाचंही भांडं वाजलं तरी चालायचं, आणि ओढ्यापलीकडचा मेंढपाळ आता भांडायला येत नव्हता. हिवाळ्याआधी निम्मी मेंढरं विकली.

एजेनं बापाचा जुना आवाज सगळीकडं शोधला. तायकेंकडं बटणांचा फोन. त्यावरून कुणी आवाज पाठवत नाही. तिच्या धाकट्या काकांच्या लग्नाची चित्रफीत होती, तिच्यात तायके उभे राहून शुभेच्छा देताना दिसतात, चांगली लांबलचक. पण आमच्याकडचे लग्नवाले बोलण्यावर गाणं चढवतात. तायकेंचं तोंड हलतं आणि वर कुणी बाई नाचायला बोलावते. मुळातली फीत मिळते का म्हणून एजेनं ती काढणाऱ्या माणसाला हुडकून काढलं. तो म्हणाला, बहिणी, कॅमेराच विकला. कुणाला विकला, ते तिनं विचारलं नाही.

संस्थेतल्या आवाजवाल्या मुलानं जूनची हाक यंत्रावर धुऊन बघितली. वारा काढला की हाकही निघून जायची. उरायचं ते पाण्याखाली कुणी बोलतंय तसं.

"वारा ठेव," एल्मिरा सुल्तानोव्हना म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच उत्तर स्वतः दिलं नाही. बराच वेळ खिडकीबाहेर बघत सिगारेट ओढली.

वसंतात संस्थेच्या सभागृहात चित्रपट दाखवला. तायके, सालिमा जेने, माझी आई, असनाली आके, सगळे गावाहून आले. तायकेंनी मानेला रेशमी रुमाल बांधला होता. पडद्यावर त्यांचे हात आले, जेनेंचा कुमिस आला, उजेडाचा खांब आला. मग ते कड्यावर उभे राहिले, तोंड उघडलं, मानेच्या शिरा फुगल्या आणि सगळ्या सभागृहात नुसता वारा. मेंढ्या धावत आल्या.

खूप टाळ्या पडल्या. मग गळ्याभोवती लांब मफलर गुंडाळलेला एक माणूस उठला. तो शब्द ओठांवर ठेवून चाखून बघत बोलायचा.

"सर्वांत मोठं धाडस म्हणजे, हाकेच्या जागी वारा ठेवण्याचा हा निर्णय. मौनाची ही निवड."

"निर्णय नव्हता," एजे म्हणाली. "माझ्याकडं माईक नव्हता."

लोक हसले. किती साधी मुलगी आहे, असं वाटलं असणार. मफलरवाला तर फारच खूश झाला.

मागून एक मुलगी उभी राहिली. चांगली होती बिचारी, मनापासून विचारत होती. "तुमचे वडील इथं आहेत ना? आम्हाला ऐकायचंय, ते मेंढ्यांना काय म्हणून हाक मारतात?"

कुणीतरी माईक पुढं दिला. एका हातातून दुसऱ्या हातात करत तो तायकेंपर्यंत आला. एजे पडद्यापाशी उभी होती. तिनं 'नको' म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर तायके उभे राहिले होते. पाहुणा विचारतो तर बसून राहणं त्यांना जमत नाही. त्यांनी माईक हातात घेतला, दुसरा हात छातीवर ठेवून वाकून नमस्कार केला. भोंग्यातून त्यांच्या रुमालामागचा श्वास आला, फुस्स, फुस्स. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं.

तायकेंनी माईक बायकोच्या हातात दिला.

सालिमा जेने लाजल्या, ओढणी सारखी केली. म्हणाल्या, "मला नीट येत नाही, पण असं काहीतरी." आणि हाक मारली. पोटातून उचलली, गिरकी घेतली, शेवट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सुटका झाल्यासारख्या.

तायके मान हलवत होते. असं नाही.

जेनेंनी पुन्हा मारली, या वेळी जरा मोठ्यानं. तायकेंनी हात वर नेला, थोडा वेळ हवेत धरला आणि खाली सोडला, आणि जेनेंकडं बघितलं.

"हेच तर केलं," जेने म्हणाल्या. "असं नाही?"

त्यांनी पुन्हा नकाराची मान हलवली.

"मग कसं?" जेनेंनी विचारलं. माईक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.